कॅमेऱ्याची वाटणी

एक काळ असा होता की आमच्या घरात काढलेल्या फोटोंत माणसांचे कान फार सुरेख येत. पाळीवरची लव, कुडीतला मोती, मोत्याला धरून ठेवणारी सोन्याची तार, सगळं बोटाने उचलून घ्यावं इतकं स्पष्ट. त्याच्या पुढचा चेहरा मात्र धुक्यात. डोळे तर असे दिसत की माणसाला नुकतंच झोपेतून उठवून स्टुलावर बसवलंय. बाबांनी ताईचा स्थळांना दाखवण्यासाठी काढलेला फोटो ठाण्याच्या एका स्थळाकडून परत आला तेव्हा सोबत नम्र निरोप होता : मुलीच्या नजरेत काही दोष असल्यास आधी कळवावं. ताईने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "कान बघून पसंत करणारा कुणी असेल तर त्यालाच आणा. तो निदान इतरांसारखा नसेल." आई हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी फोटो घेतला, गॅलरीत जाऊन उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला, आणि मग तो शर्टाच्या खिशात ठेवून बराच वेळ खालच्या नळाकडे बघत उभे राहिले.

आम्ही लालबागला राहायचो. बाबांचा धंदा फोटोंचा आणि दुकान म्हणाल तर घरच. साखरपुडे, बारशी, मुंजी, निवृत्तीचे सत्कार, कामगार कल्याणाच्या कुठल्याशा स्पर्धांचे बक्षीस समारंभ. समारंभात हार घालणारा आणि घालून घेणारा दोघेही कॅमेऱ्याकडे बघत, एकमेकांकडे कधीच नाही, हे मी लहानपणीच पाहून ठेवलं आणि भाषणांवरचा माझा विश्वास तेव्हापासून जो उडाला तो परत बसला नाही. फोटो धुणं घरातच चालायचं. दुपारी खिडकीला गोधडी लागे, मोरीतल्या दिव्याला लाल कागद गुंडाळला जाई, आणि आई बाहेरून ओरडे, "अजून किती वेळ? मला बांगडे धुवायचेत." फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास आणि तिरफळं घातलेल्या आमटीचा वास यांचं मिश्रण ज्याने अनुभवलं नाही त्याला मी ते सांगू शकणार नाही, आणि ज्याने अनुभवलं त्याला सांगायची गरज नाही. आमच्या शाळेच्या गणवेशालाही तो वास होता. वर्गातल्या मुली मला विचारत, तुमच्याकडे लोणच्याचा कारखाना आहे का.

कॅमेरा आजोबांचा. ते कॉटन ग्रीनच्या गोदामात मुकादम होते. एका रशियन बोटीवरच्या खलाशाकडून त्यांनी तो घेतला, कशाच्या बदल्यात ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आजी सांगू पाहायची तेव्हा ते खोकायचे. छोटासा, जड, कातडी पाकिटातला. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर एक बारीक खिडकी असते. तिच्यातून पाहिलं की समोरच्या माणसाच्या दोन आकृत्या दिसतात, एक पक्की आणि एक पिवळट, भुतासारखी. लेन्सचं कडं फिरवत गेलं की भूत सरकत सरकत माणसात शिरतं. पुरतं शिरलं की फोकस झाला, बटण दाबायचं. मला बाबांनी हे शिकवलं तेव्हा मी आईवर नेम धरला होता आणि भूत आईत शिरताना पाहून मला भलतीच मजा वाटली होती. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा, दोघेही याच एका कॅमेऱ्यावर धंदा शिकले आणि याच्यावरच दोघांनी संसार उभे केले. एक जण फोटो काढी, दुसरा धुवे, पुढच्या खेपेला उलट. दोघांचे फोटो कुणाला वेगळे ओळखू येत नसत.

मग ते वेगळे झाले. भांडण कशावरून झालं हे मला आजही नीट ठाऊक नाही. आईच्या मते पाण्यावरून, काकीच्या मते आईवरून. अण्णांनी गिरगावात खोली बघितली आणि वाटणी ठरली. वाटणीला चाळ कमिटीचे सेक्रेटरी आले, काळा कोट घालून. खोलीत दोन भाऊ, दोन जावा आणि भांड्यांचा ढीग, एवढीच सभा. तरी त्यांनी सुरुवात "सज्जनहो" अशी केली. पितळेची भांडी, पाट, फोटो मोठे करायचा एन्लार्जर, धुवायच्या ताटल्या यांचा निकाल लागला. कॅमेऱ्यापाशी गाडं अडलं. अण्णा म्हणाले, बाळाला ठेवू दे. बाबा म्हणाले, मी का ठेवू, थोरला तो आहे. ऐकणाऱ्याला हा मोठेपणा वाटावा, पण तसं काही नव्हतं. आजोबांचा कॅमेरा यानेच लाटला, असं दुसऱ्याने जन्मभर म्हणू नये, एवढीच दोघांना काळजी. पैसे देऊन भरपाई करायची तर कॅमेऱ्याची किंमत सांगणार कोण, आणि सांगितलेली पटणार कुणाला? शेवटी सेक्रेटरींनी कॅमेरा हातात घेतला, लेन्स डावीकडे फिरवली, ती सुटून त्यांच्या तळहातावर आली, आणि ते इतके खूश झाले की जणू न्याय त्यातूनच बाहेर पडला. "हे बघा, दोन भाग होतात," ते म्हणाले. "बॉडी बाळारावांना, लेन्स अण्णांना. दोघांनी आपापला दुसरा भाग बाजारातून घ्यावा. झालं समान." आणि कुणीही हसलं नाही. आमच्या माणसांत समान वाटणीपुढे अक्कल चालत नाही. दोघा भावांनी मान डोलावली. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत.

बाबांनी चोर बाजारातून त्याच घाटाची एक लेन्स आणली. अण्णांनी तशीच बॉडी मिळवली. आटे सारखेच, त्यामुळे लेन्स बॉडीवर अगदी मऊ फिरत बसली. मला आता हे हसत लिहिता येतं, कारण त्यातली गोम पुष्कळ वर्षांनी मी वाचून समजून घेतली. या कॅमेऱ्यांच्या अगदी पहिल्या दिवसांत कारखान्यातला माणूस प्रत्येक लेन्स तिच्या स्वतःच्या बॉडीवर लावून, घासून, खाली कागदाइतक्या पातळ चकत्या सरकवून जुळवत असे. तिचं माप त्या एकाच बॉडीपुरतं. पुढे कारखान्यांनी सगळ्यांसाठी एक माप ठरवलं आणि कुठलीही लेन्स कुठल्याही बॉडीवर चालू लागली. आमचा कॅमेरा त्या शहाणपणाच्या आधीचा. परकी लेन्स त्याला बसे, पण खिडकीतलं भूत माणसात पुरतं शिरलेलं दिसलं तरी आत फिल्मवर फोकस चार बोटं मागे पडलेला असे. डोळ्यांवर नेम धरावा आणि कान लागावेत. उन्हात, लेन्सचं तोंड बारीक करून, लांबून काढलेल्या ग्रुप फोटोत हे सगळं झाकलं जाई. घरात, जवळून, कमी उजेडात एकट्या माणसाचा फोटो काढला की उघडं पडे. मध्यंतरी दादरच्या एका सभागृहात जुन्या लेन्सांवर व्याख्यान होतं, भाच्याने आग्रहाने नेलं. समई पेटवून झाल्यावर वक्ते म्हणाले की या लेन्सना आत्मा असतो आणि त्यांचा मऊपणा हा खरा काव्यगुण आहे. आमच्या काव्यगुणाने ताईचं ठाण्याचं स्थळ घालवलं होतं, हे मी उठून सांगितलं नाही.

पण तेव्हा हे कुणाला माहीत? बाबांना चाळिशीचा चष्मा नुकताच लागला होता. त्यांनी कॅमेरा फोर्टातल्या एका नामांकित दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने बॉडी तपासली, उत्तम. लेन्स तपासली, उत्तम. दोन्ही खरंच उत्तम होत्या. मग उरले काय, बाबांचे डोळे. दादरच्या डॉक्टरांनी नंबर बदलून दिला. फोटोत पुन्हा कानच. पुन्हा नंबर. बाबांनी एकट्या माणसांचे फोटो घेणं टाळायला सुरुवात केली. कुणी आलं की म्हणत, "सगळ्यांचा एकत्र काढू ना, आठवण राहते." रस्त्यावरून जाताना ते लांबच्या पाट्या हळूच वाचून बघायचे, आणि मी बघतेय असं दिसलं की त्या पाटीवरच्या मालाबद्दल काहीतरी बोलायचे. जेवताना काटा काढायला वेळ लागला तरी आई आता काही म्हणेनाशी झाली. एकदा तिने त्यांच्या ताटातला बांगडा न बोलता स्वतः सोडवून दिला, तेव्हा बाबा जेवण अर्धं टाकून उठले. ताईचा फोटो परत आल्यावर आठवड्याभरात त्यांनी आईला सांगितलं की ओळखीच्या एका ऑफिसात बिलं वाटायला माणूस हवाय, बघतो. फोटो धुताना ते शीळ घालायचे, ती बंद झाली होती हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

अण्णांची मुलगी नली माझ्याच वयाची आणि माझ्याच कॉलेजात. बापांनी बोलणं टाकलं होतं, आम्ही टाकलं नव्हतं. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. कॅन्टीनमध्ये ती एकदा चहा ढवळत बसली, पीतच नव्हती.

"काय गं, काय झालं?" मी विचारलं.

"अण्णा धंदा बंद करतायत. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणार. आज बघायला गेलेत." मग एकदम म्हणाली, "डोळे गेले गं त्यांचे. कुणाला सांगू नकोस. कोणाचाही फोटो काढला की नुसतं नाक येतं."

"नाक?"

"हसू नकोस हां, शोभे. एकदम क्लीअर नाक. भोकं, केस, सगळं. बाकी चेहरा आहे की नाही कळत नाही."

मी हसत नव्हते. "आमच्याकडे कान येतात," मी म्हटलं.

नलीने चमचा खाली ठेवला. दोन भावांचे डोळे एकाच वेळी जावेत, इथपर्यंत ठीक, घराण्यात असेल. पण एकाचे पुढे जावेत आणि दुसऱ्याचे मागे? "ए, हे डोळे नाहीयेत," नली म्हणाली. तिने चहा एका घोटात संपवला. "अण्णांची लेन्स आणते. तुमच्या घरी कोण आहे आत्ता?"

बाबा दादरला नवा चष्मा आणायला गेले होते. म्हणजे एक भाऊ डोळ्यांपायी दादरला आणि दुसरा डोळ्यांपायी खिळ्यांच्या दुकानात, आणि त्यामुळे कॅमेऱ्याचे दोन्ही भाग मोकळे. नली गिरगावला जाऊन लेन्स रुमालात गुंडाळून, वर डब्यात घालून घेऊन आली. दारात आईला बघून ती थबकली. वाटणीनंतर ती पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्यात आली होती. आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती वाळलीस," ती म्हणाली. "तुझी आई काय जेवायला देत नाही वाटतं?" आणि हा काकीवरचा शेरा मारून झाल्यावर तिने लगेच घावण्यांचं पीठ भिजवलं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही कपड्यांचे लाकडी चिमटे कठड्यावर तिरके मांडले, प्रत्येक चिमटा आधीच्यापेक्षा थोडा मागे. मधल्याला नलीने केसांची लाल रिबीन बांधली. लेन्सचं तोंड पूर्ण उघडून मी रिबिनीवर भूत आणि चिमटा एक केले आणि बटण दाबलं. आधी बाबांच्या लेन्सने, मग ती उतरवून अण्णांच्या. अण्णांची लेन्स बसवताना ती शेवटाला जिथे थांबली तिथे तिच्यावरची खूण बरोबर वर, मधोमध आली. बाबांची लेन्स थांबायची तेव्हा खूण जराशी कलंडलेली राही. हे मी रोज पाहिलं होतं आणि कधी दिसलं नव्हतं. नली म्हणाली, "बघ, कशी सरळ बसली." खाली येऊन खिडकीला गोधडी लावली. आईने न विचारता मासे बाहेरच्या बादलीत धुतले. रोल धुऊन दोरीला टांगला आणि आम्ही घावणे खात त्याच्याखाली बसलो, पाणी ठिबकत होतं तरी.

बाबा आले ते नव्या चष्म्याचं खोकं हातात घेऊनच. दोरीवरचा रोल त्यांनी पाहिला. नली पटकन पडद्यामागे गेली.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"चिमट्यांचे फोटो? रोल काय झाडाला लागतात?" पण बोलता बोलता ते जवळ गेले होते. खणातून त्यांनी भिंग काढलं आणि रोल उजेडाकडे धरून एकेक चौकट बघू लागले. पहिल्या चौकटींवर त्यांनी नुसती मान हलवली, ओळखीचं दुखणं. मग पुढे सरकले. थांबले. रिबीन बांधलेला चिमटा, त्यातल्या लाकडाच्या रेषा, रिबिनीची वीण. भिंग मागे घेतलं, पुन्हा लावलं. नवा चष्मा खोक्यातून काढून डोळ्यांवर घातला, बघितलं, काढला, जुना घातला. आई पोळपाटावर हात ठेवून उभी होती.

"ही अण्णाची लेन्स," ते म्हणाले.

पडद्यामागून नली बाहेर आली. "हो बाळाकाका. मी आणली."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. त्यांना वाटतंय त्यांचे डोळे गेले. एक तारखेपासून मामाकडे बसणार आहेत. खिळे तोलायला."

माझी समजूत होती की आपले डोळे शाबूत आहेत हे कळल्यावर बाबा आधी त्याचा आनंद करतील. ते भिंग हातात धरूनच नलीकडे वळले. "अण्णा?" ते म्हणाले. "खिळे?" आणि पायात चपला सरकवल्या. कॅमेरा, अण्णांच्या लेन्ससकट, आईने पिशवीत घातला. दारापर्यंत गेलेल्या बाबांना तिने थांबवलं आणि पिशवीत सुक्या सोड्यांची एक पुडीही कोंबली. "भावोजींना आवडतात," ती म्हणाली. "माझं नाव सांगायची गरज नाही."

गिरगावात पोचलो तेव्हा उतरतं ऊन अण्णांच्या खिडकीत होतं. अण्णा बनियनवर बसून पेपर हाताभर लांब धरून वाचत होते. बाबांना दारात बघून त्यांनी पेपर खाली केला, पण ठेवला नाही. कुणी कुणाला ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. मी आणि नलीने एकाच वेळी बोलायला सुरुवात केली, कान, नाक, चिमटे, आटे. अण्णांनी सगळं भिंतीकडे बघत ऐकलं. मग पिशवीतून बाहेर आलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. पुढे झुकून लेन्सवरच्या त्या सरळ खुणेवर त्यांनी अंगठा फिरवला. काकीने खिडकीपाशी स्टूल आणून ठेवलं आणि मागे न बघता स्वयंपाकघरात गेली. अण्णा उठले, शर्ट घातला, वरचं बटण लावलं आणि स्टुलावर जाऊन बसले. चेहरा उजेडाकडे किती वळवायचा ते त्यांना सांगावं लागणार नव्हतंच.

बाबांनी नवा रोल भरून कॅमेरा डोळ्याला लावला. कडं फिरवू लागले, थोडं पुढे, थोडं मागे.

"हलू नको," बाबा म्हणाले.

"मी कधी हललंय?" अण्णा म्हणाले.

आतून काकीचा आवाज आला, "ह्यां मात्र खरां."

बटण दाबलं गेलं. मग अण्णांनी हात पुढे केला, कॅमेरा घेतला आणि बाबांना स्टुलावर बसायची खूण केली. दिवेलागणीपर्यंत दोघे मोरीत होते, दार लावून. आम्ही तिघी बाहेर जमिनीवर बसून कान देऊन ऐकत होतो. आधी नुसता पाण्याचा आवाज. मग, "पाणी गार आसा." "गार नाय, तुझो हात गरम आसा." मग पुन्हा पाणी. मग कॅमेऱ्याचा विषय निघाला. अण्णा म्हणाले, घेऊन जा. बाबा म्हणाले, लेन्स तुझी, मी कशी नेऊ? मग बॉडी ठेव हंय, अण्णा म्हणाले. ती माझी. काकीने कपाळावर हात मारला. पुढे कित्येक वर्षं तो कॅमेरा, लेन्स पुन्हा कधीही न उतरवता, एका घरून दुसऱ्या घरी जात राहिला. ज्याच्याकडे जवळचे फोटो असतील त्याच्याकडे तो, आणि ने-आण करायला मी आणि नली. भाऊ त्या निमित्ताने एकमेकांकडे फारसे गेले असं नाही. पण अण्णांनी मामाला नकार कळवला, आणि बिलं वाटण्याबद्दल बाबा परत बोलले नाहीत.

मोरीचं दार उघडलं तेव्हा बाबांच्या हातात ओला प्रिंट होता, कडेने पाणी गळत होतं. ते दिव्याखाली गेले. अण्णा त्यांच्या खांद्यामागे. मी वाकून पाहिलं. अण्णांचे डोळे होते, पापणी न् पापणी सुटी, बुबुळात खिडकी. डोळ्यांखालच्या पिशव्या, कानशिलावरचे पांढरे केस, ओठाच्या कडेची सुरकुती, जी ते लालबागला होते तेव्हा नव्हती. बाबांनी प्रिंट जवळ नेला, लांब नेला. पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं.

"म्हातारो झालंस रे, अण्णा," ते म्हणाले.

"तुका दिसला मां?" अण्णा म्हणाले. "मगे झाला."